मे महिन्यात दोन लहान लेकरं घेऊन थंड हवेच्या ठिकाणी जायचंय, कुठं जावं? (लातूरहून)

लातूरची_माय

नमस्कार मंडळी. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्ट्यात आम्ही लेकरांना घेऊन माहेरी नाहीतर गावाकडं जातो, यंदा मात्र घरात ठरलंय की डोंगरात कुठंतरी थंड जागी जायचं. मोठी लेक सहा वर्षांची, बारका दीड वर्षांचा, आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढणं होत नाही पण यायची हौस लई आहे आणि त्यांना मागं ठेवून मला जायचंच नाही.

इथं आत्ताच अकरा वाजल्यावर लेकरांना अंगणात सोडायची सोय राहिली नाही, बारक्याच्या मानेला आणि पाठीला घामोळ्या उठल्यात, रात्रभर कूलरपुढं पण चुळबूळ करतो आणि कूलरमध्ये घालायला पाणी म्हणलं की टँकरची वाट बघा. ह्यांचे मित्र म्हणायलेत मनालीलाच जावा, लेकरांना बर्फ दाखवा, पॅकेजमध्ये शिमला कुल्लू मनाली सगळं आठवड्यात उरकतं. जाऊ म्हणते एवढं बारकं लेकरू घेऊन इतक्या लांब कशाला जायलात, महाबळेश्वरला जावा. भावाचं म्हणणं चिखलदरा जवळ पडतं. बजेट 60-70 हजार, त्याच्या वर ओढाताण होईल. घरची गाडी आहे, हे चालवतात पण घाटाची सवय कमी.

ज्यांनी लहान लेकरं घेऊन असा प्रवास केलाय त्यांनीच सांगा, फोटो बघून सगळंच भारी वाटायलंय. खाण्यापिण्याचं काय करता, घाटात उलट्या होतात त्याचं काय, आणि लेकराला उंचीचा त्रास होतो म्हणतात ते कितपत खरं?

परभणीकर

ताई, मनालीला खुशाल जा पण पॅकेजनं जाऊ नका. शिमला, कुल्लू, मनाली एका आठवड्यात म्हणजे निम्मी सुट्टी गाडीत जाते आणि लेकरं कारमध्ये कोंडून घेतल्यावर जे करतात तेच करतात, रडतात. आम्ही लेकरू तीन वर्षांचं असताना गेलो होतो. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस रोज आहे, परभणी जालना मनमाड करत दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली आणि तशीच पुढं अंबाला. अंबाल्याला उतरून चंडीगड, तिथं एक रात्र झोप काढायची मगच घाट. लातूरहून तुम्हाला परभणीला येऊन बसावं लागंल.

या गाडीचं एक सांगतो. वाटेत कितीतरी स्टेशनांवर शीख मंडळी लंगर घेऊन उभी राहतात. आपला डबा, ताट खिडकीतनं नाहीतर दारातनं पुढं करायचं आणि ते गरम भाजी, भात, कढी जे असंल ते वाढतात, पैशाचा विषयच नाही, जात-गाव कोणी विचारत नाही. आमचं लेकरू घरी भात म्हणलं की तोंड फिरवायचं, तिथं स्टीलची वाटी दोन्ही हातांनी धरून दारापाशी उभं राहिलं आणि एका पांढऱ्या दाढीच्या बाबांनी खाली वाकून अर्धा डाव कढी-भात घातला तर सगळं चाटूनपुसून खाल्लं, वर वाटी परत पुढं केली. तेव्हा डबे-ताटल्या वरच्या बॅगेत बांधून ठेवू नका, हाताशी ठेवा.

तिकिटाचं लक्षात घ्या, रेल्वेचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधीच उघडतं (नोव्हेंबर 2024 पासून, आधी 120 होतं). मेची तारीख धरून दिवस मोजा आणि सकाळी बसा, सुट्ट्यात या गाडीला लई गर्दी. पाच वर्षांच्या आतल्याला वेगळा बर्थ नको असंल तर तिकीट नाही. सहा वर्षांच्या लेकीला बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं, बर्थ नको तर अर्धं. एवढ्या लांबच्या प्रवासाला तिला बर्थ घ्याच.

अंबाजोगाईवाले_काका

बाळ, मनाली बिनाली नंतर. आपल्याच मराठवाड्यात म्हैसमाळ आहे की. खुलताबादच्या वर, संभाजीनगरपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास. गिरिजामातेचं देवस्थान आहे, जाता-येता वेरूळ आणि घृष्णेश्वर होतं, सासूबाईंचं ज्योतिर्लिंग पण होईल. दोन दिवसाचं काम.

सिस्टर_नांदेड

काका, म्हैसमाळ छान आहे पण पावसाळ्यात. मे मध्ये तिथं गारवा शोधायला जाऊ नये. हिशोब सोपा आहे, दर हजार मीटर वर गेलं की साधारण 6 ते साडेसहा डिग्री उतरतात. म्हैसमाळ हजार मीटरच्या थोडं वर आहे आणि संभाजीनगर स्वतःच साडेपाचशेच्या पुढं, म्हणजे फरक पडला तर तीन डिग्री. 42 चे 39. दीड वर्षाच्या घामोळ्या झालेल्या लेकराला त्यात काय कळणार? लातूर पण सहाशे मीटरच्या वर आहे म्हणून कुठलंही ठिकाण निवडताना त्याची उंची आपल्या गावाच्या उंचीशी ताडून बघायची.

आता ताई, तुमच्या उंचीच्या त्रासाच्या प्रश्नाचं. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. हवा विरळ होऊन डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे साधारण अडीच हजार मीटरच्या वर रात्र काढली की सुरू होऊ शकतं. मनाली 2,050 मीटरच्या आसपास, शिमला 2,200 च्या आसपास, तिथं मुक्काम केला तर त्याची भीती नाही. पण बर्फ बघायला लोक जातात ते रोहतांगला आणि ते 3,978 मीटरवर आहे. सकाळी मनालीहून निघून दोन-तीन तासांत जवळपास दोन हजार मीटर चढायचं. मोठ्या माणसाला डोकं दुखलं की तो सांगतो, दीड वर्षाचं लेकरू सांगू शकत नाही. ते फक्त किरकिर करतं, दूध घेत नाही, उलटी करतं, मलूल पडतं आणि घरचे म्हणतात दात येताहेत, नजर लागली, थकलं असेल. असं वर दिसलं तर मीठ-मोहरी ओवाळत बसू नका, सरळ खाली उतरा, औषध तेच आहे. माझं स्पष्ट मत, दोन वर्षांच्या आतलं लेकरू घेऊन रोहतांग नको आणि विमानानं थेट लेह (साडेतीन हजार मीटर) तर अजिबात नको.

घाटातल्या उलट्या: दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना गाडी लागण्याचं प्रमाण कमी असतं, त्रास जास्त होतो तो तुमच्या लेकीच्या वयात. निघताना पोट गच्च भरू नका आणि उपाशी पण नेऊ नका, कोरडं काहीतरी द्या, मुरमुरे, भाकरीचा तुकडा, खारी. दूध, तेलकट नको. घाट चालू असताना मोबाईल हातात द्यायचा नाही, मोबाईलकडं मान खाली घालून बघितलं की हमखास मळमळतं, लांबचं डोंगर झाडं बघायला लावा. काच थोडी उघडी. लागतंच असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे औषध लिहून घ्या, ते प्रवासाच्या आधी द्यायचं असतं, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि पहिल्यांदा घरी देऊन बघा किती गुंगी येते ते. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून देऊ नका. घाट उतरताना कानाला दडे बसतात, बारक्याला तेव्हा अंगावर पाजा किंवा पाण्याचा घोट द्या, गिळलं की कान मोकळे होतात.

सोबत काय घ्यायचं: ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, तापाचं नेहमीचं औषध, आणि दोघांच्या टोप्या, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. हवा गार लागते म्हणून लोक विसरतात, पण उंचीवर ऊन जास्त भाजतं, गालं लाल होऊन सोलतात लेकरांची.

हिंगोलीवाला

भाऊ बरोबर बोलले नाहीत, लातूरहून चिखलदरा जवळ नाही. आम्हाला जवळ आहे, वाशिम अकोला परतवाडा आणि वर घाट. तुम्हाला नांदेड ओलांडून सगळा विदर्भ भर उन्हात कापत जावं लागंल आणि मे मध्ये अकोला म्हणजे भट्टीच. वरती भीमकुंड, गाविलगड, कॉफीची झाडं सगळं आहे पण धबधबे उन्हाळ्यात कोरडे ठाक असतात. जुलै-ऑगस्टला या.

त्यापेक्षा पचमढी काऊन नाही कोणी सांगून राहिलं? सातपुड्यात आहे, मनमाडहून जबलपूरकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पिपरियाला थांबतात, तिथून वर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आपल्याकडचे लोक नागपंचमीच्या टायमाला नागद्वारला जातात तेच गाव. साल-सागवानाचं जंगल, जटाशंकरची गुहा आत एकदम थंडगार, लेकरांना लई आवडते. धूपगड 1,352 मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, वर जीप जाते. मात्र गाव हजार मीटरवरच आहे म्हणून दुपारी ऊन राहतं, सकाळ-संध्याकाळ आणि रात्र मस्त. जटाशंकरला पायऱ्या आहेत, सासूबाईंना वरच बसवावं लागंल.

परभणीकर

सिस्टर तुमचं रोहतांगचं पटलं, बारकं असंल तर नकोच. तसंही तिथं परमिट लागतं, गाड्यांची संख्या ठरलेली आहे, मंगळवारी पर्यटकांच्या गाड्या बंद असतात. पण बर्फाशिवाय मनालीला काही नाही असं नाही ना. आम्ही जुन्या मनालीत राहिलो, मागं सफरचंदाच्या बागा, आणि दारातनं एक पाट वाहायचा. आमचं लेकरू त्या पाटात दिवसभर पान सोडायचं आणि खाली पळत जाऊन धरायचं. आपल्या लेकरांनी मे महिन्यात वाहतं पाणी बघितलंच कुठं? तुमच्या लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आमच्याकडं दुधना मे मध्ये कोरडी. मला तर वाटतं बर्फापेक्षा हेच लेकरांना दाखवावं.

एक कळकळीनं सांगतो, बियास नदीच्या पात्रात उतरू नका. कितीही शांत दिसू द्या. वर धरणं आहेत, पाणी सोडलं की काही मिनिटांत चढतं. 2014 च्या जूनमध्ये हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी मंडी जिल्ह्यात पात्रात फोटो काढत होते, लारजी धरणाचं पाणी सोडलं आणि 24 पोरं वाहून गेली. रस्त्याकडंच्या टपरीवाल्यांनी सांगितलं चला म्हणून तरी उतरायचं नाही. पाट, ओढा, हौद बघा, नदी नको.

आणि कपडे. बर्फाचे कोट रस्त्याला भाड्यानं मिळतात पण लेकरांच्या मापाचे नीट नसतात आणि आतनं ओले असतात बऱ्याचदा. घरचे स्वेटर, कानटोपी, मोज्याच्या जास्तीच्या जोड्या न्या. मे मध्ये पण रात्री तिथं चांगलीच थंडी पडते.

लातूरची_माय

सगळ्यांचे लई आभार. सिस्टर, तुम्ही लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं, रोहतांगचं नाव आता घरात कोणी काढणार नाही. अजून शंका आहेत. चंडीगडहून मनाली किती तास? आणि बारका अजून बाहेरचं काही खात नाही, मऊ भात, ज्वारीची पेज, येसराच्या आमटीत कुस्करलेली भाकरी एवढंच. तिकडं त्याचं काय करावं? ह्यांना सुट्टी पण आठवडाभराचीच मिळायलीय.

परभणीकर

अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता आता पुष्कळ चांगला झालाय तरी लेकरं, सासूबाई, चहा-लघवी थांबे धरून अख्खा दिवस पकडा. आठवडाभराचीच सुट्टी असंल तर खरं बोलतो ताई, जाणं-येणं रेल्वे आणि घाट मिळून निम्म्याच्या वर प्रवासातच जाईल. मग यंदा राहू द्या. बारकं चार-पाचचं झालं की जावा, कालका-शिमल्याच्या छोट्या गाडीत पण बसवा तेव्हा, 1903 पासून चालू आहे, 96 किलोमीटर नुसते बोगदे आणि पूल, लेकरं बोगदा आला की ओरडून डबा डोक्यावर घेतात. शिमल्यात चढ-उतार लई आहे, मॉल रोडवर गाड्या जात नाहीत, सासूबाईंना आत्ता तसंही अवघड गेलं असतं.

जालन्याची_मावशी

मी नुसती वाचत होते पण आता राहवत नाही. जाऊबाई बरोबर सांगतायत. पण महाबळेश्वरात राहू नका, पाचगणीत राहा.

मे मधल्या शनिवार-रविवारी वाई ते महाबळेश्वर गाड्यांची रांग लागते, लेकरं गाडीत रडून बेजार होतात. म्हणून सोमवारी जायचं आणि शुक्रवारी उतरायचं, खोलीचं भाडं पण कमी पडतं. पाचगणी साधारण 1,300 मीटर, म्हणजे लातूरपेक्षा साडेसहाशे-सातशे मीटर वर. सिस्टरच्या हिशोबानं चार-साडेचार डिग्री होतात पण तिथं सह्याद्रीच्या कड्यावर समुद्राकडचा वारा येतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरंच गार वाटतं, संध्याकाळी लेकरांना बारीक स्वेटर लागतं. टेबललँडवर पूर्ण सपाटी आहे, आजींना सुद्धा फिरता येतं, वरपर्यंत गाडी जाते. मे मध्ये स्ट्रॉबेरीचा शेवटचा बहर संपत आलेला असतो पण तुती, जांभळं, करवंदं असतात, रस्त्याकडेला बायका पानाच्या द्रोणात घेऊन बसतात. लेकीला करवंदाच्या जाळीत हात घालून स्वतः तोडू द्या, काटा टोचला तर टोचला. जुन्या महाबळेश्वराला पंचगंगेचं देऊळ आहे, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री, गोमुखातनं पाणी पडतं, सासूबाईंचं देवदर्शन होईल आणि परभणीकर म्हणतात तसं लेकरांना वाहतं पाणीही दिसेल. वेण्णा लेकच्या बोटीत बारक्याला नेऊ नका, त्याच्या मापाचं लाईफ जॅकेट असेल तरच.

पॉइंट बघायच्या नादी लागू नका. ड्रायव्हर लोक कागद दाखवतात, इतके पॉइंट तितके पैसे. लेकरांना दरी बघून काही वाटत नाही, त्यांना माती, दगड, घोडा, झाड पाहिजे. सकाळी एक जागा, दुपारी सगळ्यांनी झोपायचं, संध्याकाळी एक जागा. लेकरांची झोपेची आणि जेवायची वेळ घरच्यासारखी ठेवली की अर्ध्या कटकटी होतच नाहीत.

जेवणाचं. हॉटेल घेण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेली खोली, बंगला घ्या, पाचगणीत मिळतात. नाहीतर छोटा इलेक्ट्रिक कुकर न्या पण खोली घेतानाच विचारा, काही ठिकाणी चालत नाही. घरून तांदूळ-मूगडाळ भाजून भरडून न्या, गरम पाण्यात शिजवली की बारक्याची खिचडी. ज्वारीचं पीठ, येसर, मेतकूट, तुपाची बरणी. मोठ्यांना दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, धपाटे दोन दिवस आरामात टिकतात. त्या उंचीवर पाणी थोडं कमी तापमानाला उकळतं म्हणून डाळ-तांदूळ शिजायला जरा जास्त वेळ लागतो, शिट्टी एक वाढवा.

अंबाजोगाईवाले_काका

ताईसाहेब तुमचं पटलं. लातूरहून रस्ता सांगतो, आम्ही त्या बाजूनं वारीला जात असतो. मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज, नातेपुते, फलटण, मग वाई. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे चारला निघायचं, लेकरं झोपेतच उचलून गाडीत टाकायची. अकलूजपर्यंत ऊन चढायच्या आत पोचता, तिथं न्याहारी. वाईला ढोल्या गणपतीपाशी कृष्णेच्या घाटावर थोडं थांबा, लेकरांचे हातपाय धुवा.

सिस्टर_नांदेड

काकांच्या रस्त्यात एकच सांगते, बार्शी ते फलटण भर दुपारी बंद गाडीत लेकरू झोपलंय म्हणून काचा लावून चहाला उतरू नका, पाच मिनिटं पण नाही. उन्हात बंद गाडी फार पटकन तापते. आणि एसीतून एकदम बाहेर काढू नका, आधी एसी बंद करून काचा खाली करा, थोडं थांबून मग उतरवा.

लातूरची_माय

ठरलं. पाचगणी, सोमवार ते शुक्रवार, स्वयंपाकघर असलेली जागा शोधायलोत. सासूबाईंनी आत्ताच येसर भाजायला काढलाय आणि पंचगंगेचं ऐकून त्यांनी ओटीचं सामान पण बाजूला ठेवलं. ह्यांना फक्त वाईच्या पुढच्या घाटाची काळजी वाटायलीय, पसरणी घाट म्हणतात तो. सवय नसलेल्यानं गाडी घालावी का?

जालन्याची_मावशी

घालावी, रस्ता रुंद आहे आणि घाट फार लांब नाही, वाईहून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर. चढताना खालच्या गिअरमध्ये, घाई करणाऱ्याला पुढं जाऊ द्यायचं. उतरताना पण खालचाच गिअर, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात. दिवसाउजेडी चढा. आणि अगदीच धीर होत नसेल तर वाईत विचारा, तिथले ड्रायव्हर तुमची गाडी वर नेऊन देतात, तुम्ही मागच्या सीटवर लेकीला खिडकीतनं धोम धरणाचं पाणी दाखवत बसा.